माणूस ‘अर्धा केळं’ आहे का?

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय: माणसाचा निम्मा डीएनए केळ्याशी जुळतो. खरं तर ही तुलना प्रथिनं बनवणाऱ्या जनुकांपुरती असते, आणि तो भाग आपल्या डीएनएत जेमतेम 1 ते 2 टक्के. शिवाय डीएनएची अक्षरं चारच. कुठल्याही दोन ओळी शेजारी ठेवा, साधारण पाव भाग योगायोगानंच जुळेल. म्हणून संगणक जुळणीला गुण देतो, मधल्या रिकाम्या जागांना दंड लावतो, मगच योगायोगाची शक्यता काढतो.

पडताळा घरबसल्या घेता येतो. डीएनए आणि प्रथिनांच्या ओळी जुळवणाऱ्या ‘ब्लास्ट’ या मोफत साधनात माणसाचं हिस्टोन एच4 हे डीएनए गुंडाळून ठेवणारं प्रथिन वनस्पतींशी ताडून पाहा. वाटाण्याशी त्याच्या 102 अमिनो आम्लांपैकी (प्रथिनाच्या साखळीतल्या कड्यांपैकी) फक्त 2 जागी फरक! हे गुंडाळण्याचं काम इतकं जुनं आहे. मग इन्सुलिन ताडा. केळ्यात त्याचा जोडीदार सापडत नाही.