पंचवीस गुणांचे दोन रुग्ण

उसाचा हंगाम सुरू झाला की सांगली-मिरज परिसरात एक अपघात पुन्हापुन्हा होतो: मागे दिवा नसलेल्या, ऊस भरलेल्या ट्रॉलीवर अंधारात दुचाकीस्वार आदळतो. असा एक ४२ वर्षांचा, हेल्मेट न घातलेला रुग्ण उदाहरणादाखल घेऊ. हाकेला तो डोळे उघडत नाही, चिमटा काढल्यावर उघडतो. सुटे, असंबद्ध शब्द बोलतो आणि दुखले की हात मागे ओढून घेतो. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ साली मांडलेल्या, शुद्ध मोजणाऱ्या कोमा स्केलवर याचे डोळ्यांचे २, बोलण्याचे ३ आणि हालचालीचे ४, म्हणजे १५ पैकी ९ गुण होतात. वरचा रक्तदाब ८४ आहे.

एवढ्या माहितीवर 'गॅप' हे जखमीच्या जिवाला किती धोका आहे ते सांगणारे, २०११ साली जपानमधून आलेले गुणांकन मांडता येते. शुद्धीचे ९, वय साठच्या आत असल्याचे ३ आणि रक्तदाबाचे ४, असे २४ पैकी १६ गुण, म्हणजे मध्यम धोका. दारातच, तोंडी करता येणारा हा हिशेब आहे. मात्र आत काय फुटले आहे, हे त्याला ठाऊक नसते.

ते मोजणारे गुणांकन सुसान बेकर आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्येच दिले होते. 'आयएसएस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पद्धतीत शरीराचे सहा भाग मानून प्रत्येक इजेला १ (किरकोळ) ते ६ (सर्वांत गंभीर) अशी श्रेणी देतात आणि सर्वाधिक जखमी अशा तीन भागांतील सर्वांत गंभीर इजांच्या श्रेणींचे वर्ग करून बेरीज करतात. आपल्या रुग्णाच्या डोक्याची इजा ४ आणि मांडीच्या हाडाची ३ धरली, तर १६ अधिक ९, म्हणजे २५ गुण होतात. शेजारच्या खाटेवर यकृताची श्रेणी ५ ची एकच इजा असलेला रुग्ण असेल, तर त्याचेही गुण २५ च; पण हे दोन रुग्ण सारखे आहेत, असे कोणताही शल्यचिकित्सक म्हणणार नाही. (वर्गांच्या या खेळामुळे ७ किंवा १५ गुण कोणालाच मिळू शकत नाहीत, आकडेमोड करून पाहावी.) शिवाय डोक्यातच श्रेणी ४ ची दुसरी इजा असली, तरी ती हिशेबात येत नाही. १९९७ च्या सुधारित पद्धतीने भागांची अट काढली आणि कुठल्याही भागातल्या सर्वांत गंभीर तीन इजा धरल्या. तिच्यानुसार तोच रुग्ण ४१ वर जातो. हे सारे कळते ते सीटी स्कॅन किंवा शस्त्रक्रियेनंतर, म्हणजे तातडीचे निर्णय घेऊन झाल्यावर.

१९८७ च्या 'ट्रिस' या गुणांकनाने दारातली तपासणी आणि आतल्या इजा या दोन्ही बाजू जोडल्या: रक्तदाब, श्वास आणि शुद्ध, इजांचे गुण, इजा मुक्या माराची की भोसकल्याची, आणि वय ५५ च्या आत की पुढे. त्यातून वाचण्याची शक्यता थेट टक्केवारीत मिळते.

यांतले सरस कोणते, हे ठरवताना दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात आणि आपल्याकडे त्यांची गल्लत होते. दगावलेला एक आणि वाचलेला एक रुग्ण घेतला, तर दगावलेल्याला अधिक धोका दाखवला होता का, हा पहिला. वीस टक्के धोका सांगितलेल्या शंभरांपैकी खरोखर वीसच्या आसपास दगावले का, हा दुसरा. ऊस उत्पादकाला हा फरक समजावण्याची गरज नाही. प्रत्येक ट्रॉली दोन टन कमी दाखवणारा वजनकाटाही कोणती ट्रॉली जड हे बरोबर सांगतो. बिल मात्र चुकीचे निघते. 'ट्रिस'चे आकडे अमेरिकी रुग्णालयांतील नोंदींवर बेतलेले आहेत. तो काटा इथे वापरायचा तर आधी इथल्या नोंदींवर तपासून घ्यावा लागतो, आणि घोडे अडते ते नोंदींवरच. श्वासनलिकेत नळी घातलेल्या रुग्णाच्या बोलण्याला गुण कसे द्यायचे? जतकडून मिरजेला पाठवलेल्या रुग्णाला वाटेत सलाइन मिळालेले असते, त्यामुळे पोहोचेपर्यंत रक्तदाब सावरलेला दिसू शकतो. पहिला, खरा आकडा ज्या चिठ्ठीवर लिहिलेला असतो ती नातेवाइकाच्या खिशातच राहिली, तर तक्त्यात भरला जातो तो सलाइननंतरचा.