साल्झबुर्गची आर्चबिशप-नाणी

ऑस्ट्रियातील साल्झबुर्गच्या प्रिन्स-आर्चबिशपांनी सोळाव्या ते अठराव्या शतकांत पाडलेली चांदीची मोठी नाणी (टालर) व त्यांचा संग्रह. येथील आर्चबिशप धर्मपीठाबरोबर राज्यही चालवीत. टाकसाळीचा हक्क पवित्र रोमन सम्राट तिसरा ऑटो याने ९९६ मध्ये दिला. हिएरोनिमुस कोलोरेडो (१७७२–१८०३) याच्याबरोबर ही मालिका संपते.

सर्वाधिक चर्चा होते ती लिओनहार्ड फॉन कॉइत्शाख (१४९५–१५१९) याच्या १५०४ च्या ‘र्‍यूबेनटालर’ची. त्यावरील ढालीत सलगम आहे. उनाड तरुण लिओनहार्डला काकाने सलगम फेकून मारला व पुढे त्याने ते चिन्ह घेतले, अशी कथा सांगतात. पण सलगम मुळात त्याच्या घराण्याचेच चिन्ह असल्याने कथा मागाहून रचलेली दिसते. नाणे चलनासाठी होते की भेटीदाखल, याविषयी मतभेद आहेत. टिरोलमधील हाल येथे १४८६ मध्ये निघालेल्या मोठ्या नाण्याच्या धर्तीवर ते पाडले असावे. मात्र अस्सल नमुने अगदी थोडे आहेत आणि टालर नियमित निघू लागले ते बहुधा पुढच्या मॅथेउस लांगच्या (१५१९–१५४०) काळात. त्यामुळे भेटीचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. नंतर पाडलेल्या प्रतीही बाजारात येत असल्याने तज्ज्ञाचा अभिप्राय घेतल्यावाचून हे नाणे घेऊ नये.

वोल्फ डीट्रिख फॉन राइटेनाउ (१५८७–१६१२) याच्या ‘टुर्मटालर’वर वाऱ्या-लाटांचा मारा सोसणारा बुरूज आहे, ही रचना चौकोनी चकतीवरही आढळते. अशा चौकोनी नाण्यांना ‘क्लिप्पे’ म्हणतात. पारिस लोड्रोन (१६१९–१६५३) याने १६२८ मध्ये नव्या कॅथीड्रलच्या प्रतिष्ठापनेनिमित्त स्मारक-टालर काढला. त्याचे साधे टालर मुबलक मिळतात, म्हणून नवशिक्यांनी त्यांपासून सुरुवात करणे सोयीचे.

वजन तपासताना सन पाहावे. १५६६ च्या साम्राज्य-मानकाचा (पवित्र रोमन साम्राज्याने ठरविलेल्या) टालर सु. २९.२ ग्रॅमचा, तर १७५३ नंतरच्या कन्व्हेन्शन-मानकाचा (करारान्वये ठरलेल्या) सु. २८.०६ ग्रॅमचा असतो. दागिन्यात वापरलेल्या नाण्यांना कडी जोडलेली असे. ती काढून घासलेला काठ कडेच्या लेखाजवळ दिसतो आणि किंमत बरीच उतरते. संग्राहक प्रकार ओळखण्यासाठी डेव्हनपोर्ट क्रमांक (डेव्हनपोर्टच्या टालर-सूचीतील क्रमांक) वापरतात.

एका बिशपनंतर दुसरा येईपर्यंत पीठ रिकामे असताना कॅथीड्रलच्या धर्ममंडळाने काढलेली नाणी हे स्वतंत्र उपक्षेत्र आहे. साल्झबुर्गबाहेरील, जर्मनीतील म्युन्स्टर व आइखश्टेट (१७८१, १७९०) या धर्मपीठांचे टालर त्यात मोडतात.