कासव ठणठणीत आहे म्हणजे सापाला धोका नाही? असं नाहीये
पुण्यात घरी बॉल पायथन (अजगराच्या जातीचा साप), इग्वाना (मोठा सरडा) पाळणारे आता बरेच झालेत आणि त्यांच्यात एक समज कायम फिरतो, की कासव नीट खातंय म्हणजे त्याच्यात रोग नाही, मग साप आणि कासवाला एकच चिमटा, एकच पाण्याचं भांडं वापरलं तरी चालतं. हे साफ चूक आहे, यात साप जातात म्हणून कळकळीने लिहितोय.

एन्टामिबा इन्व्हेडन्स नावाचा अमिबा कासवाच्या आतड्यात बऱ्याचदा काही त्रास न देता राहतो, शीमधून त्याच्या सिस्ट (म्हणजे कवचात बंद असलेले अमिबा) बाहेर पडतात आणि त्या पाण्यातून सापाच्या पोटात गेल्या की आतड्याला जखमा, रक्त-शेंब असलेली शी, मग रक्तातून थेट लिव्हर. साप खाणं सोडतो आणि आपण म्हणतो कात टाकायची असेल! तिथेच वेळ जातो.

ताजी शी घेऊन सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या व्हेटकडे जा. मेट्रोनिडाझोल हे अमिबावरचं औषध देतात, पण डोस वजनावर ठरतो, घरातली गोळी अंदाजाने चुरून देऊ नका प्लीज.

माणसाला आव होते तो अमिबा वेगळा, एन्टामिबा हिस्टोलिटिका. तरी हात धुवाच. आणि आधी सापाची टाकी साफ करा, मग कासवाची.