तोफ आणि ताट : एकाच अणूची दोन गिऱ्हाइकं

२०२२ साली रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि आपल्याकडे खतांचे भाव कडाडले. लढाई त्यांची, मग आमचं पोतं का महागलं, असा प्रश्न तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी विचारला. खतासाठी लागणारा नैसर्गिक वायू आणि पोटॅश हे दोन्ही त्या भागातून येतात, हे त्याचं ताजं उत्तर. पण खत आणि युद्ध यांचं जुनं नातं नायट्रोजनचं आहे, आणि ते सगळ्यात उघडं पडलं पहिल्या महायुद्धातल्या जर्मनीत.

पिकाला नायट्रोजन हवा प्रथिनांसाठी, तोफेला हवा स्फोटकांसाठी. टीएनटी असो की धूर न करणारी दारू, नायट्रिक आम्लाशिवाय पान हलत नाही. १९१४ पर्यंत जर्मनी या दोन्ही कामांसाठी चिलीच्या वाळवंटातला सोरा, म्हणजे नायट्रोजन असलेला क्षार, बोटी भरभरून आणत होता. युद्ध पेटताच ब्रिटिश आरमाराने समुद्र अडवला आणि ती आवक तुटली. शिलकीतला सोरा काही महिनेच पुरणार होता.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण तो पिकाच्या उपयोगाचा नाही. त्याच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात आणि तो तोडायला मोलमागे ९४५ किलोज्यूल एवढी प्रचंड ऊर्जा लागते. विजेचा लोळ तो तोडू शकतो, हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तोडू शकतात. होमहवनाने शेताला नायट्रोजन मिळतो असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. तूप कितीही ओता, होमकुंडाच्या धगीला हा बंध दाद देत नाही.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून थेट अमोनिया करून दाखवला. नायट्रोजनचा एक आणि हायड्रोजनचे तीन, अशा चार रेणूंपासून अमोनियाचे दोन रेणू होतात आणि उष्णता बाहेर पडते. रेणू कमी होतात म्हणून दाब वाढवला की अमोनिया वाढतो. तापमान मात्र कात्रीत पकडतं: कमी ठेवलं तर क्रिया रांगते, वाढवलं तर झालेला अमोनिया पुन्हा फुटतो. मार्ग एकच, उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ. हाबरने वापरलेला ऑस्मियम दुर्मिळ होता. बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीत आल्विन मिटाशने हजारो चाचण्या करून स्वस्त लोखंडी उत्प्रेरक शोधला; त्यात ॲल्युमिना आणि पोटॅशची चिमूट असते.

पण माझा खरा लाडका भाग पुढेच आहे. सुमारे २०० वातावरणांचा दाब आणि ५०० अंशांच्या आसपासचं तापमान. ही क्रिया कारखान्यात आणणाऱ्या बीएएसएफच्याच कार्ल बॉशच्या पोलादी नळ्या त्यात काही दिवसांत फुटायच्या. कारण तापलेल्या पोलादात हायड्रोजन झिरपतो, आतल्या कार्बनला पकडून मिथेन बनवतो आणि पोलाद ठिसूळ होतं. बॉशने हायड्रोजनला अडवण्याचा नादच सोडला. आतून कार्बन जवळजवळ नसलेल्या मऊ लोखंडाचं अस्तर दिलं, बाहेर मजबूत पोलाद ठेवलं आणि त्या पोलादाला बारीक भोकं पाडली. अस्तरातून झिरपलेला हायड्रोजन पोलादात मुरण्याआधीच भोकांतून निघून जाऊ लागला. वाड्याच्या दगडी भिंतीला पाणी निघायला भोकं ठेवतात, तसंच हे.

१९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊचा अमोनियाचा कारखाना सुरू झाला, तो खतासाठी. मे १९१५ पासून तिथल्या अमोनियाचं ऑक्सिडीकरण करून नायट्रिक आम्लाचा मार्ग धरला गेला, तो दारूगोळ्यासाठी. १९१७ मध्ये लोइनाचा त्याहून मोठा कारखाना आला. ‘हवेतून भाकरी’ म्हणून या शोधाचं कौतुक होतं, पण त्या चार वर्षांत हवेतून मुख्यतः तोफगोळे निघाले. हे रसायन नसतं तर युद्ध बरंच आधी आटोपलं असतं, असं मला वाटतं.

शेताच्या वाट्याला उरलंसुरलं आलं. घोडे आणि गडीमाणसं आघाडीवर गेली. डुकरं माणसांचे बटाटे आणि धान्य खातात, असा हिशोब तज्ज्ञांनी मांडला आणि १९१५ मध्ये लाखो डुकरं कापली गेली. चरबी गेली, शेणखतही गेलं. १९१६ च्या ओल्या हंगामात बटाट्यावर करपा पडला. त्यावरचा उपाय बोर्डो मिश्रणाची फवारणी, नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला ते सांगायला नको. त्यातल्या मोरचुदाला तांबं लागतं, आणि तांबं दारूगोळ्याच्या कामात अडकलं होतं. बटाट्याचं पीक निम्म्यावर आलं. तो हिवाळा लोकांनी गुरांच्या चाऱ्यातले सलगम खाऊन काढला. त्याच डिसेंबरात १७ ते ६० वयाच्या प्रत्येक पुरुषाला युद्धकामाला जुंपणारा कायदा झाला. १९१७ च्या उन्हाळ्यात शहरातलं रेशन दिवसाला १००० कॅलरींच्या आसपास होतं. उपासमार आणि त्यातून बळावलेल्या आजारांनी किती नागरिक दगावले याचे अंदाज सव्वाचार लाखांपासून साडेसात लाखांच्या वर जातात.

जानेवारी १९१८ मध्ये बर्लिनच्या दारूगोळा कारखान्यांत मोठा संप झाला. मार्चच्या चढाईत जर्मन सैनिक ब्रिटिशांच्या कोठारांपर्यंत पोचले आणि पुढे सरकायचं सोडून खाण्यापिण्यावर तुटून पडले. २९ सप्टेंबरला जर्मनीचा साथीदार बल्गेरिया गळाला, त्याच दिवशी जर्मन सेनापती लुडेनडॉर्फने युद्धबंदीची मागणी करण्याचा आग्रह धरला. घरच्या गद्दारांनी सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला ही कंडी नंतर पिकवली गेली. कील बंदरातल्या जर्मन खलाशांचं बंड नोव्हेंबरातलं, सेनापतीने हात टेकले त्यानंतरचं. ११ नोव्हेंबरला तोफा थांबल्या. नाकेबंदी मात्र जुलै १९१९ मध्येच पूर्ण उठली, कारण तहावर सही होईपर्यंत दोस्त राष्ट्रांना ती हातातली सोडायची नव्हती.