मुलं पळून गेली आहेत? आमच्याकडे येण्याआधी हे वाचा

हे पत्रक दोन घरांसाठी आहे. एका घरातून मुलगी किंवा मुलगा न सांगता निघून गेला आहे आणि तीन दिवस तिथे धड स्वयंपाक झालेला नाही. दुसरं 'घर' म्हणजे मित्राची दहा बाय बाराची खोली. तिथे आळंदीला जाऊन लग्न करून आलेली दोघं आईचा नंबर काढतात आणि फोन पुन्हा खाली ठेवतात. आमच्याकडून काय मिळेल आणि काय नाही, हे दोघांनाही आधीच सांगितलेलं बरं.

आम्ही कुणालाही परत आणून देत नाही. बहुतेक वडिलांचा पहिला प्रश्न असतो, "किती दिवसांत आणाल?" त्यांना आम्ही तिथेच थांबवतो. बंद पडलेलं बोलणं सुरू करून देणं, एवढंच आमचं काम. आम्ही मध्यस्थ आहोत. न्यायाधीश नाही आणि पंचायत तर मुळीच नाही.

आधी मिसिंगचं बघा

मुलगी गेली की घरचे पोलीस ठाण्यात मिसिंग देतात, आणि ते साहजिकच आहे. पण तिला अठरा पूर्ण असतील आणि "मी माझ्या मर्जीने आले" असा जबाब तिने दिला, तर तक्रार तिथेच मिटते. पोलीस तिला जबरदस्तीने घरी पोचवत नाहीत, पोचवूही शकत नाहीत. "पोलीस मॅनेज झाले" असं पालकांना वाटतं. तसं काही नसतं, कायदाच तसा आहे. २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं आहे की दोन सज्ञान माणसांनी एकमेकांना निवडल्यावर घराची, समाजाची किंवा जातीची परवानगी लागत नाही. अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि चोवीस तासांची हेल्पलाइन ठेवण्याचे आदेशही त्याच निकालात आहेत.

मुलांनो, लपून राहिल्याने तुमचंच नुकसान होतं. वयाचा दाखला आणि लग्नाचे कागद घ्या, वकील किंवा जाणतं माणूस सोबत घ्या आणि जवळच्या ठाण्यात जबाब देऊन या. मिसिंग उघडी असेपर्यंत आम्ही बैठक लावत नाही.

आता कागदांचं. पाचशेच्या बाँडवर नोटरी करून घेतली म्हणजे लग्न झालं, असं समजणारी जोडपी आजही येतात. नोटरीने लग्न होत नाही. हिंदू विवाह कायद्याखाली विधी व्हावे लागतात. नुसतं प्रमाणपत्र काढून देणाऱ्यांपासून दूर राहा. मुलाला २१ आणि मुलीला १८ पूर्ण हवीत. मुलगा वीस वर्षांचा आणि मुलगी एकोणीसची असेल तर लग्नाला थांबावं लागेल. पण दोघं सज्ञान आहेत, त्यामुळे एकत्र राहणं हा गुन्हा नाही.

धर्म वेगळे असतील तर १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्यात ३० दिवसांची नोटीस असते आणि ती कार्यालयाच्या फलकावर लागते. ही नोटीस कुणीतरी मोबाइलवर फोटो काढून घरी पोचवेल, या भीतीने मुलं हबकतात, आणि ती भीती खोटी नाही. पण आक्षेप चालतो तो वय, आधीचं लग्न, निषिद्ध नातं किंवा मानसिक अवस्था यांवर. "जात वेगळी" किंवा "आम्हाला पसंत नाही" हा आक्षेप नव्हे. आमच्या अनुभवात समेटासाठी हाच महिना सगळ्यात चांगला. लग्न अजून व्हायचं असतं आणि त्याला तीन साक्षीदार लागतात. "त्या तिघांत तुमची सही का नको?" असं विचारल्यावर आतापर्यंत आवाज चढवून बोलणारे एक गृहस्थ बराच वेळ पेनचं टोपण काढत-लावत बसले होते. सही त्यांनी केली नाही. पण लग्नाच्या दिवशी ते आले आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

बैठक कशी होते

पहिल्या दिवशी लग्नाचा विषय आम्ही काढूच देत नाही. आधी दहावीची मार्कशीट, आधार कार्ड, चष्मा, थायरॉइडच्या गोळ्या. मुली अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेल्या असतात आणि कागद आईच्या कपाटात राहिलेले असतात. ते द्यायला कुणीतरी तयार झालं की बोलण्याला वाट मिळते. मागे एक आई कागदांची प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. वर फाइल होती आणि खाली स्टीलचा डबा. डब्याबद्दल ती काही बोलली नाही, मुलीनेही विचारलं नाही. जाताना मुलीने फाइल पिशवीत तशीच ठेवली आणि डबा तेवढा हातात घेतला.

पहिला फोन बहुधा मामाचा किंवा मावशीचा येतो. आईवडिलांना मान खाली घालावी लागू नये म्हणून घरातलं हेच माणूस पुढे होतं. मामाला आम्ही आवर्जून बोलावतो. मुलीला मांडवात आणायचा मान त्याचा, आणि तो हुकल्याचं दुःख त्याला असतं. ते बोलून दाखवायला त्याला जागा मिळाली की त्याचा सूर बदलतो.

मुलाला एक सूचना: आल्या आल्या पाया पडायला वाकू नका. आम्ही पाहिलं आहे, वडील पाय मागे घेतात आणि मग दिवसभर त्या मागे घेतलेल्या पायांचीच चर्चा होते. हात जोडा आणि बसा.

प्रत्येक बाजूने तीनच माणसं, फोन बाहेरच्या टेबलावर. जोडप्याचा पत्ता आम्ही कुणालाही देत नाही, आईने रडून मागितला तरी नाही. यात आमची चूक एकदा झाली आहे. बैठक छान पार पडली, सगळे एकदमच खाली उतरले आणि मुलीच्या चुलत भावाने त्यांच्या रिक्षामागे बाइक घातली. सुदैवाने वाईट काही झालं नाही, पण त्या दोघांना खोली सोडावी लागली. तेव्हापासून जोडपं आधी निघतं आणि घरची मंडळी अर्धा तास आमच्याकडे चहा घेत बसतात.

लोकांना काय सांगायचं

राग दोन-तीन बैठकांत उतरतो. त्यानंतर खरी अडचण पुढे येते, ती गावाची. परळ, लालबाग, भांडुपमधल्या आमच्या बऱ्याच घरांची मुळं कोकणात. चाळीतले शेजारी एक वेळ गप्प बसतील. पण गावकीचं मंडळ, भावकी, गणपतीला गेल्यावर पडवीत होणारी विचारपूस, याची वडिलांना धास्ती असते. "मी तिथे काय सांगू?" हे ते अगदी हळू आवाजात विचारतात.

म्हणून शेवटच्या बैठकीत आम्ही एकच वाक्य ठरवतो. दोन्ही घरांनी सगळ्यांना सांगायचं तेच वाक्य, कागदावर लिहून. त्यात खोटं चालत नाही, कारण खोटं शिमग्यापर्यंतही टिकत नाही. एका घराने तासभर घासाघीस करून ठरवलं, "मुलांनी आपापलं ठरवून लग्न केलं, आम्ही आता त्यांच्यासोबत आहोत." 'आता' हा शब्द ठेवायचा की काढायचा, यावरच वीस मिनिटं गेली. ठेवला. वडिलांना तो हवा होता आणि मुलीने तो मान्य केला.

भावकीने किंवा जातपंचायतीने वाळीत टाकायची धमकी दिली, दंड मागितला, तर घाबरून पैसे देऊ नका. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

ही कामं आमची नाहीत

दोघांपैकी एकही अठराच्या आत असेल तर आम्ही मध्यस्थी करत नाही. तिथे पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, लागू शकतो आणि प्रकरण दडवणं हाही गुन्हा आहे. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा. मारहाण झाली असेल, जिवाची धमकी असेल तर आधी ११२. "समजूत घालून लग्न मोडून द्या" म्हणणाऱ्यांना आम्ही दारातूनच नमस्कार करतो. मुलीकडून हक्कसोड लिहून घ्यायला आमची खोली वापरता येणार नाही. वडिलोपार्जित मालमत्तेतला तिचा हिस्सा हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलाइतकाच आहे, आणि रुसवा त्यावर काढणं चुकीचं.

आमच्याकडे सही झालेला कागद हा कोर्टाचा हुकूमनामा नसतो. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचं स्वतंत्र प्रकरण आहे, पण तिथेही अशा समझोत्याची कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी अंमलबजावणी होत नाही. तो पाळला जातो तो शब्दाखातर.

खर्च आणि वेळ

पहिली भेट मोफत. पुढे प्रत्येक बैठकीला दोन्ही बाजूंनी प्रत्येकी ६०० रुपये. एकाच बाजूने दिले तर दुसरी बाजू आम्हाला विकले गेलेले समजते, म्हणून मुलं कमावत नसली तरी निम्मे-निम्मेच. हप्त्याने चालतील. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. प्रकरण आधीच वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात गेलं असेल तर तिथल्या समुपदेशकांना भेटा, आम्ही त्यांच्यामध्ये पडत नाही.

सोमवारी बंद. रविवारी सकाळी दहापासून चालू, कारण वडिलांना सुट्टी तेव्हाच असते. जिना अरुंद आहे, आजी-आजोबा येणार असतील तर आधी कळवा, खालच्या दुकानात खुर्च्या लावून घेतो. मुलीचे कागद आणणार असाल तर झेरॉक्स नको, मूळ प्रती आणा. गोळ्या असतील तर त्याही.