ऑक्टोबरचे जागरण : बेसबॉलच्या हंगामोत्तर सामन्यांची पार्श्वभूमी

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचा प्रत्येक संघ मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत १६२ सामने खेळतो. जवळजवळ रोज सामना असल्यामुळे आजच्या पराभवाचे दुःख उद्या संध्याकाळपर्यंतच टिकते आणि चाहत्याला या संथ सोबतीची सवय होऊन जाते. ऑक्टोबर लागला की हे सारे पालटते. पात्र ठरलेले मोजके संघ छोट्या मालिकांमध्ये एकमेकांसमोर उभे राहतात, एकेका चेंडूवर सहा महिन्यांची मेहनत पणाला लागते आणि माझ्यासारखे चाहते मध्यरात्र उलटली तरी दूरचित्रवाणीसमोरून हलत नाहीत. मी बॉस्टनजवळ राहतो आणि रेड सॉक्सचा चाहता आहे. या महिन्यावरचे माझे प्रेम आणि त्याविषयीची माझी तक्रार या दोन्हींचे मूळ हा महिना आजच्या रूपाला कसा आला, या इतिहासात आहे.

मेजर लीग बेसबॉलमध्ये दोन लीग आहेत. त्यांतील नॅशनल लीग ही १८७६ पासूनची. अमेरिकन लीगने १९०१ मध्ये स्वतःला तिच्या बरोबरीची म्हणून जाहीर केले आणि जास्त पगार देऊन तिचे खेळाडू ओढायला सुरुवात केली. दोन वर्षांच्या भांडणानंतर १९०३ च्या आरंभी तह झाला आणि त्याच वर्षी पिट्सबर्गचे मालक बार्नी ड्रायफस व बॉस्टनचे मालक हेन्री किलिली यांनी आपापल्या विजेत्या संघांची गाठ घालण्याचे ठरवले. दोन लीगच्या विजेत्यांमधली ही पहिली अंतिम मालिका, म्हणजे पहिली वर्ल्ड सिरीज. ती लीगच्या कोणत्याही नियमाने झाली नव्हती, दोन मालकांच्या आपसातील करारावर उभी होती. नऊ सामन्यांच्या या मालिकेत बॉस्टनने पिट्सबर्गला ५–३ असे हरवले. करार आपसातला असल्यामुळे तो मोडणेही सोपे होते. १९०४ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सचे मालक जॉन ब्रश आणि व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ यांनी अमेरिकन लीगला कमी दर्जाची ठरवून तिच्या विजेत्याशी खेळायला नकार दिला आणि त्या वर्षी मालिकाच झाली नाही. त्यावर एवढी टीका झाली, की पुढच्याच वर्षी ब्रश यांनी स्वतः पुढाकार घेऊन मालिकेचे नियम घालून दिले.

त्यानंतर १९६८ पर्यंतची रचना साधी होती. प्रत्येक लीगमध्ये जो पहिला, तोच ऑक्टोबरमध्ये खेळणार आणि दुसरा कितीही जवळ आलेला असला तरी घरी जाणार. या काळाविषयी जुन्या चाहत्यांना वाटणारी ओढ मला मनापासून पटते, कारण तेव्हा खरी शर्यत उन्हाळाभर चालत असे आणि तिचा शेवट अर्थपूर्ण असे. तरीही त्या काळी सर्वोत्तम संघच जिंकत असे, असे म्हणता येत नाही. १९०६ मध्ये शिकागो कब्जने ११६ सामने जिंकले आणि वर्ल्ड सिरीजमध्ये ते त्याच शहरातील व्हाइट सॉक्सकडून हरले.

१९६९ मध्ये संघांची संख्या २४ झाली. बारा संघांच्या लीगमध्ये बहुतेकांचा हंगाम ऑगस्टमध्येच संपला असता, म्हणून प्रत्येक लीगचे दोन विभाग करून वर्ल्ड सिरीजच्या आधी आणखी एक फेरी घालण्यात आली. दुसरा मोठा बदल घड्याळाचा होता. १९७१ मध्ये पिट्सबर्गला वर्ल्ड सिरीजचा पहिला रात्रीचा सामना झाला आणि दूरचित्रवाणीचा प्रेक्षक रात्रीच मोठा असल्यामुळे दुपारचे सामने एकेक करून गेले. मालिकेतील शेवटचा दिवसाचा सामना १९८७ चा, तोही मिनियापोलिसच्या छताखालच्या मैदानावर. पूर्व किनाऱ्यावरची शाळकरी मुले शेवटची इनिंग न पाहताच झोपी जातात, ही हानी मला फेऱ्या वाढण्यापेक्षा मोठी वाटते.

पुढे प्रत्येक लीगचे तीन विभाग झाले आणि विभाग न जिंकलेल्या उत्तम संघासाठी ‘वाइल्ड कार्ड’ची जागा आली. १९९४ मध्येच ती अमलात यायची होती, पण खेळाडूंचा संप १२ ऑगस्टला सुरू झाला आणि त्या वर्षीचे सगळे हंगामोत्तर सामने रद्द झाले. वाइल्ड कार्ड प्रत्यक्षात आले ते १९९५ मध्ये. २०१२ मध्ये दुसरे, २०२२ मध्ये तिसरे, आणि आता ३० पैकी १२ संघ ऑक्टोबरमध्ये उतरतात. २०२३ मध्ये १०० सामने जिंकलेल्या लॉस एंजेलिस डॉजर्सना ८४ सामने जिंकलेल्या ॲरिझोनाने सलग तीन सामन्यांत बाहेर काढले. तेव्हा सहा महिन्यांच्या हिशेबाला मोल उरले आहे का, असा प्रश्न मलाही पडला.

पण ही तक्रार करताना मला २००४ आठवावे लागते. त्या वर्षी आमचा विभाग न्यूयॉर्क यांकीजनी जिंकला होता. १९९३ पर्यंतच्या नियमाने रेड सॉक्स सप्टेंबरमध्येच घरी बसले असते. वाइल्ड कार्डच्या दारातून आत आलेला तो संघ लीगच्या अंतिम मालिकेत यांकीजविरुद्ध ०–३ असा मागे पडला. चौथ्या सामन्यात, नवव्या म्हणजे नेहमीच्या शेवटच्या इनिंगला, बॉस्टन एका धावेने मागे असताना बॉस्टनच्या केविन मिलारला वॉक, म्हणजे पिचरच्या चुकलेल्या चेंडूंमुळे पहिला बेस फुकट, मिळाला आणि त्याच्या जागी धावण्यासाठी डेव्ह रॉबर्ट्स पहिल्या बेसवर आला. तो बेस चोरणार, म्हणजे फटक्याची वाट न पाहता दुसऱ्या बेसकडे धावणार, हे मैदानातील प्रत्येकाला ठाऊक होते. यांकीजचा पिचर (चेंडू टाकणारा) मारिआनो रिव्हेराने बॅटरकडे एकही चेंडू न टाकता तीनदा पहिल्या बेसकडे फेक केली, तीनदा रॉबर्ट्स पोटावर झेपावत परतला आणि बॅटरला पहिला चेंडू पडताच तो सुटला. बॅटरमागच्या कॅचरची दुसऱ्या बेसकडची फेक अचूक होती. तिथे उभ्या यांकीजच्या डेरेक जीटरचा ग्लव्ह खाली यायच्या आत रॉबर्ट्सचा हात बेसला लागला. पाठोपाठ बिल म्यूलरच्या फटक्यावर रॉबर्ट्सने धाव पूर्ण करून बरोबरी साधली आणि रात्री एक वाजून गेल्यावर बाराव्या इनिंगमध्ये डेव्हिड ऑर्टिझच्या होम रनने सामना संपला. पुढचे तिन्ही सामने बॉस्टननेच जिंकले. ०–३ वरून सात सामन्यांची मालिका जिंकणे बेसबॉलमध्ये त्याआधी कुणालाही जमले नव्हते.

वर्ल्ड सिरीजचा निर्णय २७ ऑक्टोबरला सेंट लुइस येथे लागला आणि १९१८ नंतर प्रथमच बॉस्टन विजेते झाले. ती आश्विन पौर्णिमेची रात्र होती आणि सामना चालू असतानाच चंद्राला खग्रास ग्रहण लागले. शेवटचा बॅटर बाद झाला तेव्हा मी गॅलरीत आलो. वर तांबूस चंद्र होता, खाली रस्त्यात लोक भांडी वाजवत निघाले होते. पुण्यात सकाळचे नऊ वाजून गेले होते. मी आईला फोन लावला. कोजागिरीचे मसाला दूध आदल्या रात्री आटवून झाले होते आणि तिने पहिला प्रश्न विचारला, “अजून जागाच आहेस?”