न भरलेल्या पाण्यातली सोन्याची फुलं

रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या कार्ल फाबर्जे या जवाहिऱ्याचं नाव निघालं की बोलणं त्याच्या रत्नजडित अंड्यांवरच जातं. मला मात्र त्याच्या कारखान्यातल्या इवल्याशा फुलदाण्या जास्त चकित करतात. पारदर्शक फुलदाणी, तिच्यात पाणी आणि पाण्यात सोन्याच्या देठाचं एक फूल. पाणी कसलं, थेंबही नसतो! फुलदाणी म्हणजे स्फटिकाचा भरीव तुकडा. तोंडाकडचा थोडाच भाग पोखरून त्याचा तळ चकचकीत केला की तोच पाण्याचा पृष्ठभाग वाटतो. देठ खालच्या बारीक छिद्रात बसवलेला असतो. प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना वळतो, तसाच स्फटिकातही. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा, १.३३, स्फटिकाचा साधारण १.५५, म्हणजे वळण जरा जास्तच. पण शेजारी खरं पाणी ठेवल्याशिवाय डोळ्याला ते कळणार कसं?

देठासाठी सोनंच का, तर ते तारेसारखं ओढता येतं आणि काळवंडत नाही. निव्वळ सोनं मऊ, म्हणून मिश्रधातू. तांबं वाढवलं तर लालसर छटा, चांदी वाढवली तर हिरवट. रशियात सोन्याची शुद्धता झोलोत्निक या जुन्या मापात सांगत आणि शुद्ध सोनं ९६ झोलोत्निक मानत. नेहमीच्या वापरातलं ५६चं, म्हणजे सुमारे ५८ टक्के सोनं.

पानं बहुधा नेफ्राइटची, म्हणजे हिरव्या जेडची. खरी गंमत इथे आहे. कठीणपणात नेफ्राइट गारगोटीपेक्षा किंचित उणाच: १ ते १०च्या मोह्स मापावर ६ ते ६.५, गारगोटी ७. तरी फोडायला गेलात तर गारगोटी आधी फुटेल. नेफ्राइटचे सूक्ष्म तंतू एकमेकांत नमद्यासारखे गुंतलेले असतात, त्यामुळे तडा सरळ धावू शकत नाही. म्हणून त्याचं पान पातळ कोरता येतं. छिन्नीने नव्हे, अधिक कठीण पूड लावलेल्या फिरत्या चाकांवर घासून.

इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याच्या सीझर नावाच्या कुत्र्याची मूर्तीही फाबर्जेने घडवली, ती कॅल्सिडोनीची, डोळे माणकांचे. कॅल्सिडोनी आणि अकीक ही सिलिकाचीच, म्हणजे गारगोटी ज्याची बनते त्याच द्रव्याची रूपं. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातही ती सापडतात: सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे सिलिकायुक्त पाण्याने त्या पोकळ्या हळूहळू भरल्या. थरांनी भरलेला दगड तो पट्ट्यांचा अकीक.

या कारखान्याने वापरलेला एक गडद लाल ‘दगड’ मात्र दगडच नव्हे. पर्प्युरिन ही काच. तिचा रंग तिच्यातल्या शिशाच्या क्रोमेटच्या स्फटिकांचा.